नॉमिनी, वारस, हक्कसोड: सही करण्याआधी या शब्दांचे अर्थ कुणी समजावेल का?

घंटाळीकर (ठाणे पश्चिम)
नमस्कार मंडळी. वडील मार्चमध्ये गेले. माजिवड्याचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, स्वतःच्या पगारातून घेतलेला. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आई, दादा, मी आणि वाशीला दिलेली बहीण. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादाचं नाव आहे, कारण फॉर्म भरला तेव्हा आम्हा भावंडांत तो एकटाच सज्ञान होता.

परवा दादा टाइप केलेला मसुदा घेऊन आला. वर 'हक्कसोडपत्र'. आईनं विचारलं, "म्हणजे बक्षीसपत्रच ना?" तो म्हणाला, "तसंच काहीतरी. नुसती फॉर्मॅलिटी आहे, नॉमिनी तर मीच आहे." दादाच्या मनात काळंबेरं नाही. एजंटनं त्याला जे सांगितलं ते त्यानं घरी सांगितलं. पण घरात तिघं पदवीधर असून 'अविभक्त हिस्सा', 'विनामोबदला', 'तहहयात' यांचा नेमका अर्थ कुणालाच सांगता येईना. आई म्हणाली, "मला वाचून दाखवा, मग सही करते." वाचून दाखवलं. समजावता आलं नाही.

तेव्हापासून झोप लागत नाही. नॉमिनी म्हणजे मालक का? हक्कसोड आणि बक्षीस एकच का? आणि तुम्हाला असे कुठले शब्द अडले, तेही लिहा.

रेतीबंदर (कळवा)
सही थांबवा. बाकी जाणकार सांगतीलच.

कोर्टनाका (ठाणे)
घंटाळीकर, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. मी ठाण्यात दिवाणी वकिली करते. हा प्रश्न घेऊन महिन्यातून एक तरी घर माझ्याकडे येतं, आणि बहुतेक वेळा सही झाल्यावर येतं. तुम्ही आधी विचारलंत, फार बरं केलंत.

नॉमिनी म्हणजे नामनिर्देशित व्यक्ती. सभासद गेल्यावर सोसायटीनं पत्रव्यवहार कुणाशी करायचा, बँकेनं पैसे कुणाच्या हातात द्यायचे, एवढ्यापुरतं ते नाव. हातात आलेलं त्यानं वारसांसाठी सांभाळायचं असतं. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ मध्ये विम्याबाबत हेच सांगितलं, २०२३ च्या डिसेंबरमध्ये शेअर्सबाबतही सांगितलं. आपल्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ ची दुरुस्ती आहे, तिच्यात नॉमिनीला 'तात्पुरता सभासद' म्हटलंय. खरा वारस सभासद होईपर्यंतचा. दादांना हे दोन शब्द दाखवा, पुढचं बोलणं सोपं होईल.

वारस म्हणजे कायद्यानं ज्याला हिस्सा मिळतो तो. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि मालमत्ता स्वकष्टार्जित असेल, तर पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास त्याची आई, सगळ्यांना सारखा वाटा. तुमची आजी हयात नसेल तर तुम्ही चौघं. प्रत्येकाचा चौथा हिस्सा. वाशीच्या बहिणीचाही. लग्न झाल्यानं त्यात काही कमी होत नाही.

हक्कसोड आणि बक्षीस यांवर रात्री लिहिते, आता तारीख आहे.

सीवूड्स_स्नेहा
विम्यातही नॉमिनीला स्वतःसाठी काहीच नाही? मग मी नवऱ्याच्या पॉलिसीवर नाव घालून घेतलं ते कशासाठी?

कोर्टनाका
स्नेहाताई, तिथे अपवाद आहे, बरं झालं विचारलंत. २०१५ मध्ये विमा कायदा बदलला. आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं यांना नॉमिनी केलं तर ती रक्कम त्यांचीच. तुमचं नाव आहे तिथेच राहू द्या. एकाच शब्दाचा अर्थ विम्यात एक आणि सोसायटीत दुसरा, म्हणून 'नॉमिनी म्हणजे काय' याला एका ओळीचं उत्तर नाही.

दिवाळे_नाखवा (बेलापूर)
घंटाळीकर भाऊ, आमच्या घरचं सांगतो. नवी मुंबईसाठी आमच्या जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईला दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के भूखंडाची योजना आली. ज्याची जमीन गेली त्याला त्या क्षेत्राच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत.

पण भूखंड मिळायच्या वेळेला आजोबा गेलेले. मग वारस कोण? माझ्या तीन आत्यांना गाडी करून बोलावलं, साड्या दिल्या, जेवण घातलं आणि हक्कसोडवर अंगठे घेतले. कुणी सांगितलं नाही की हा भूखंडातला हिस्सा आहे. त्यांना वाटलं, भाताच्या खाचराचा काही कागद असेल, ते खाचर तर कधीच गेलं, मग सही करायला काय जातंय. धाकटी आत्या आज दिवा कोळीवाड्यात भाड्यानं राहते. ती अजून आमच्याकडे गणपतीला येते, एक शब्द बोलत नाही. माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत डाचत होतं. मलाही डाचतं.

तुमच्या बहिणीला नुसतं फोनवर 'ये सहीला' म्हणू नका. मसुदा आधी पाठवा.

कोर्टनाका
नाखवा, हे लिहायला मोठं मन लागतं. तुमच्या आत्यांसारख्यांचे दावे मी पाहिलेत. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांसारखाच जन्मतः हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो ९ सप्टेंबर २००५ पासून आला. आणि ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की २००५ मध्ये वडील हयात होते की नव्हते यावर तो हक्क अवलंबून नाही. हक्क आहे म्हणूनच तो 'सोडून' घ्यावा लागतो. मुलीची सही मागायला कुणी आलं, की तिचा हिस्सा आहे हे तिथेच कबूल झालेलं असतं.

आता हक्कसोड आणि बक्षीस. हक्कसोडपत्र फक्त सहहिस्सेदार सहहिस्सेदाराला देऊ शकतो. तुम्ही चौघं सहहिस्सेदार, म्हणून तुमच्यात ते चालतं. सुनेच्या किंवा जावयाच्या नावे करता येणार नाही, तिथे बक्षीसपत्रच लागेल. बक्षीसपत्र कुणालाही देता येतं. पण ज्याला दिलं त्यानं ते स्वीकारावं लागतं, दोन साक्षीदार लागतात. दोन्हींची नोंदणी हवीच. नोटरीचा शिक्का पुरत नाही. मुलाला, मुलीला किंवा नातवंडाला राहतं घर बक्षीस दिलं तर मुद्रांक मुळात २०० रुपये, वर नोंदणीचा आणि अधिभाराचा खर्च वेगळा. भावाला दिलं तर ही सवलत नाही.

मसुद्यात एक ओळ शोधा: हक्क *कुणाच्या लाभात* सोडला आहे? नाव नसेल तर तो उरलेल्या सगळ्या हिस्सेदारांकडे जातो. 'अविभक्त हिस्सा' म्हणजे अजून वाटणी न झालेला हिस्सा. 'विनामोबदला' म्हणजे एक पैसाही न घेता. आणि एकदा नोंदणी झाली की 'मला समजलं नव्हतं' म्हणून घरबसल्या रद्द होत नाही, कोर्टात फसवणूक किंवा दबाव सिद्ध करावा लागतो. त्यात वर्षं जातात.

पाचपाखाडी_आजोबा
मी दुय्यम निबंधक कार्यालयात ३१ वर्षं दस्त नोंदवले. तुम्ही विचारलेला 'तहहयात' माझा आवडता शब्द. हयात म्हणजे आयुष्य. नोव्हेंबरात आम्ही पेन्शनवाले बँकेत 'हयातीचा दाखला' देतो, त्यातलीच ही हयात. तहहयात म्हणजे जिवंत असेपर्यंत. आईला 'तहहयात राहण्याचा हक्क' लिहिला असेल, तर घर दुसऱ्याचं होतं आणि आईला शेवटपर्यंत राहता येतं. मालकी आणि राहणं, दोन निराळ्या गोष्टी. मसुद्यात तो शब्द नक्की कुठे बसलाय ते बघा.

आणखी थोडे सांगतो, लोक नेहमी गोंधळतात ते. *साठेखत* म्हणजे पुढे विकण्याचा करार, *खरेदीखत* म्हणजे प्रत्यक्ष विक्री. साठेखत करून वीस वर्षं निर्धास्त राहिलेली माणसं मी पाहिलीत. *कुलमुखत्यारपत्र* यातला 'कुल' म्हणजे सगळं, घराण्याच्या कुळाशी त्याचा संबंध नाही. कुलमुखत्यारपत्रावर घर 'विकत घेतलं' म्हणणाऱ्यांना मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ठणकावून सांगितलंय. आणि दस्तात नावापुढे *लिहून देणार* आणि *लिहून घेणार* असतं. देणारा तो, ज्याच्याकडून हक्क जातो. आपलं नाव कुठल्या बाजूला आहे एवढं जरी माणसानं पाहिलं, तरी निम्मे घोटाळे टळतील.

जुन्या खरेदीखतांत जमीन 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह' विकली जायची. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, भूमीत दडलेलं धन, पुरून ठेवलेली ठेव. मी हे तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दस्तातही वाचलंय. ऐकायला मात्र आजही मंत्रासारखं गोड वाटतं.

खारेगाव_मिहीर
आजोबा, गोड वाटतं हे मान्य, पण खरं सांगू? ही भाषा लोकांना कळू नये म्हणूनच टिकवलीय. सदरहू, सबब, मजकूर इसम, जाबदार. माझ्या वडिलांना समन्स आलं, त्यात 'जाबदार क्र. ३'. त्यांना वाटलं आपल्याला 'जबाबदार' धरलं, गुन्हा सिद्ध झाला. रात्रभर बसून होते. जाबदार म्हणजे ज्यानं उत्तर द्यायचं तो, हे दुसऱ्या दिवशी कळलं. 'ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते' असं लिहायला काय होतं?

पाचपाखाडी_आजोबा
मिहीर, वडिलांना त्रास झाला हे वाईटच. पण शब्द टाकून देऊ नका. 'वादी', 'प्रतिवादी', 'कैफियत' यांच्यामागे शेकडो निकाल उभे आहेत. नवा सोपा शब्द आणला की त्याचा अर्थ काय यावर आणखी दहा वर्षं भांडण.

कोर्टनाका
दोघांचं थोडं थोडं पटतं. शब्द राहू देत, पण वाक्यं तरी तोडा. दीड पानाचं एक वाक्य, त्यात चार 'आणि सबब', हे कुठल्याच कायद्यानं सांगितलेलं नाही. मराठी ही जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा म्हणून १९९८ पासून ठरलेली आहे, तरी ठाण्यात अर्धे अर्ज अजून इंग्रजीत पडतात. पक्षकाराला कळलं पाहिजे ही तळमळ आम्हा वकिलांत कमी आहे, हे मी मान्य करते.

वाघबीळ_वैशाली
जाता जाता एक. 'चटई क्षेत्र' आणि 'चटई क्षेत्र निर्देशांक' यांत मी दोन वर्षं घोळ घालत होते. पहिलं म्हणजे आपल्या घराच्या आतली वापरायची जागा, दुसरा म्हणजे भूखंडावर किती बांधता येईल याचं प्रमाण. महारेरा १ मे २०१७ पासून आलं, आता घर चटई क्षेत्रावरच विकायचं. 'सुपर बिल्टअप' हा बिल्डरच्या ब्रोशरमधला शब्द, कायद्यातला नाही. घोडबंदर रोडला साइट बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा.

रेतीबंदर
मग माझाही एक. पार्किंगवरून शेजाऱ्यानं धक्काबुक्की केली. पोलिसांत गेलो, 'एनसी' घेतली. मी वर्षभर वाट बघतोय, केस कधी उभी राहणार?

कोर्टनाका
आपोआप उभी राहणार नाही. एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. त्यात दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत, वॉरंटशिवाय अटकही नाही. दखलपात्र असेल तर एफआयआर होतो. तुम्हाला पुढे न्यायचं असेल तर दंडाधिकाऱ्यांकडे जावं लागेल.

त्याच्याच जवळचा शब्द 'अजामीनपात्र'. लोकांना वाटतं जामीन मिळतच नाही. मिळू शकतो, फक्त तो हक्क म्हणून मागता येत नाही, न्यायालय ठरवतं. जामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क असतो. आणि 'आरोपी' म्हणजे दोषी नव्हे, बातम्यांत हे रोज पुसलं जातं. १ जुलै २०२४ पासून कलमांचे आकडेही बदललेत. आपण 'चारसोबीस' म्हणत राहू, पण फसवणूक आता भारतीय न्याय संहितेच्या ३१८ मध्ये आहे.

सीवूड्स_स्नेहा
भाडेकरू ठेवताना एजंट म्हणाला, अकरा महिन्यांचाच करार आहे, नोंदणी नको.

पाचपाखाडी_आजोबा
स्नेहाताई, महाराष्ट्रात हे चालत नाही. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ वाचा. लिव्ह अँड लायसन्स लेखी हवा आणि नोंदवलेलाच हवा, महिने कितीही असोत. जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही तर तोंडी ठरलेल्या अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी खरं धरलं जातं, आणि मालकाला दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तो एजंट बदला.

वर्तकनगर_सचिव
आमच्या इमारतीचा शब्द 'अभिहस्तांतरण', म्हणजे कन्व्हेयन्स, जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं. फ्लॅट आमचे, सोसायटी आमची, मेंटेनन्स आम्ही भरतो. पुनर्विकासाची वेळ आली आणि कागद काढले तर जमीन मूळ मालकाच्याच नावावर. बिल्डर सापडत नव्हता. मग 'मानीव अभिहस्तांतरण'. बिल्डरनं हस्तांतर करून दिलं नाही तरी ते झालं असं मानून जिल्हा उपनिबंधक आदेश देतात. हा 'मानीव' शब्द मला मनापासून आवडतो. आमच्या ७२ कुटुंबांच्या डोक्यावरचं छप्पर त्या तीन अक्षरांवर उभं आहे. ज्यांच्या सोसायटीचं झालं नसेल त्यांनी उद्याच्या कमिटी मीटिंगला विषय घ्या.

दिवाळे_नाखवा
सचिव साहेब, खाडीच्या या बाजूला गणित वेगळं. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी जमीन सिडकोची, आपल्याकडे भाडेपट्टा, मुळात ६० वर्षांचा. त्यामुळे घर 'विकलं' म्हणताना खरं तर भाडेपट्ट्यातले हक्क हस्तांतर होतात, सिडकोची परवानगी आणि हस्तांतर शुल्क लागू शकतं. ठाण्यातून ऐरोलीला येणाऱ्यांनी हे आधी समजून घ्या.

खारेगाव_मिहीर
सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की, हे तरी बरोबर आहे ना?

पाचपाखाडी_आजोबा
नाही रे बाळा. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि बारा. साताला अधिकारांची नोंद, बाराला पिकांची. ती महसुलाची नोंद आहे. मालकी मूळ दस्तावरून किंवा वारसाहक्कानं येते, फेरफार, म्हणजे महसूल दप्तरातल्या नावाचा बदल, तिच्या मागून चालत येतो. आणि नावासमोर 'भोगवटादार वर्ग २' असेल तर सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाही. इमारतीच्या 'भोगवटा प्रमाणपत्रा'शी त्याची गल्लत करू नकोस, तो भोगवटा निराळा.

रेतीबंदर
घंटाळीकर कुठे गेले? सही झाली की काय?

घंटाळीकर
नाही झाली. सगळं वाचत होतो. शनिवारी बहिणीला मसुदा पाठवला. ती म्हणाली, "मला काही नको होतं रे, पण मला विचारलं असतं तर बरं वाटलं असतं." ऐकून गप्पच झालो. नाखवांच्या आत्या आठवल्या.

आजोबांनी सांगितल्यावर 'तहहयात' शोधला. मसुद्यात तो आईसाठी नव्हताच. 'लिहून घेणार हे सदर मिळकतीचा तहहयात व वंशपरंपरेने उपभोग घेतील' असं दादाबद्दल होतं. आईबद्दल एकही ओळ नव्हती. सत्तर वर्षांची माझी आई त्या कागदात फक्त सही करण्यापुरती होती.

आता वारस दाखला काढायचा की तलाठ्याकडे वारस नोंद, की सक्सेशन सर्टिफिकेट? तिघांनी तीन सांगितलं.

कोर्टनाका
तिन्ही वेगळे. वारस नोंद ही महसूल दप्तरातली, शेतजमिनीसाठी. सक्सेशन सर्टिफिकेट १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याखाली, येणी आणि रोखे यांच्यासाठी: बँकेतली रक्कम, शेअर्स. वारस दाखला दिवाणी न्यायालय देतं, १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली. इतका जुना कायदा आपण अजून वापरतो. तुमच्यात वाद नसेल तर सोसायटीसाठी आणखी एक मार्ग त्याच २०१९ च्या दुरुस्तीत आहे: सगळ्या वारसांनी मिळून केलेलं कौटुंबिक व्यवस्थापत्र.

आणि आईंना स्वतःचा सल्ला स्वतंत्रपणे घेऊ द्या, तुम्ही नेमलेल्या वकिलाचा नको, माझाही नको. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे महिलांना उत्पन्न न बघता मोफत मदत मिळते. हेल्पलाइन १५१००. पुढे कधी त्यांना घर कुणाला बक्षीस द्यावंसं वाटलं, तर 'सांभाळ करण्याच्या अटीवर' हे शब्द दस्तात घालून घ्या. अट लिहिलेली असली आणि ती मोडली, की २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण तो दस्त रद्दबातल ठरवू शकतं.

माजिवडा_थोरला
मी घंटाळीकरचा दादा. त्यानं काल हा धागा मला वाचायला दिला. आधी राग आला, घरची गोष्ट बाहेर का मांडली म्हणून. मग नाखवांचं वाचलं.

मला खरंच वाटत होतं की नॉमिनी म्हणजे घर माझंच आणि बाकी सह्या म्हणजे कागद पुरा करणं. हप्ते फेडायला मी बाबांना हातभार लावला होता, त्यामुळे ते मनात पक्कं बसलं. पण बहिणीला मी विचारायला हवं होतं. काल वाशीला जाऊन आलो. आईचं नाव मसुद्यात नव्हतं हे मला दिसलंच नाही, याचं सगळ्यात वाईट वाटतं.

ताई, आम्ही तिघं भावंडं आपापला हिस्सा आईच्या लाभात सोडू शकतो का?

कोर्टनाका
हो. त्या सहहिस्सेदार आहेत. तिघांनी मिळून एकच हक्कसोडपत्र, लाभात आईंचं नाव स्पष्ट. नोंदणी झाली की पूर्ण घर त्यांचं. पुढे त्यांची इच्छा असेल तसं मृत्युपत्र त्यांनी करावं. दोन साक्षीदार हवेत, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार घेऊ नका. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा. आणि हे सगळं आईंना हवंय का, ते आधी त्यांना विचारा.

दिवाळे_नाखवा
थोरले भाऊ, तुम्ही वाशीला गेलात, फार चांगलं केलंत. मी या रविवारी दिव्याला जातोय, धाकट्या आत्याकडे. सोबत भूखंडाचे कागद घेऊन.

घंटाळीकर
आईला विचारलं. विधी सेवा केंद्रातही ती बहिणीबरोबर जाऊन आली, आम्ही दोघं भाऊ बाहेर थांबलो. नवीन मसुदा काल आला. आईनं चष्मा लावून स्वतः वाचला, चार ठिकाणी पेन्सिलीनं खुणा केल्या. मग पहिल्या पानावर बोट ठेवून मला म्हणाली, "आजोबांना सांग, यात मी लिहून घेणार आहे."